घरट्यातले पंधरा दिवस: पिल्लाची वाढ आणि पुढचं आयुष्य याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की फोन सुरू होतात. "कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय, तीन पिल्लं आहेत, एक फारच किरकोळ दिसतंय. जगेल ना?" प्रश्न साधा आहे, पण पक्षिशास्त्रात याच प्रश्नाच्या मागे लोक पाऊणशे वर्षं लागलेले आहेत. पिल्लू घरट्यात कसं वाढलं यावरून ते पुढे किती जगेल, कसं उडेल, कसं गाईल हे सांगता येतं का? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे अभ्यास परदेशातले आहेत, कारण एकाच रानातली घरटी पिढ्यान् पिढ्या मोजत राहायचं चिकट काम तिथे झालं. उदाहरणं तिथलीच दिली आहेत. आपला पक्षी जिथे खरोखर लागू पडतो तिथेच त्याला आणलं आहे.

गाणारे पक्षी म्हणजे नेमके कोणते? कोकीळ त्यात येतो ना?

नाही येत. इथे जवळजवळ प्रत्येकाची फसगत होते. शास्त्राच्या वर्गवारीत कोकीळ गाणारा पक्षी नाही आणि कावळा मात्र आहे! श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथलं गुंतागुंतीच्या स्नायूंचं स्वरयंत्र आणि आवाज ऐकून शिकण्याची क्षमता, ही या गटाची ओळख. बुलबुल, दयाळ, चिमणी, साळुंकी, शिंपी, सुगरण, मुनिया हे सगळे यात येतात. जगातल्या पक्षीजातींपैकी निम्म्याच्या आसपास याच गटातल्या आहेत. कावळ्याच्या घरट्यात वाढणाऱ्या कोकिळेच्या पिल्लाला 'कुहू' कुणी शिकवत नाही, ते उपजतच असतं. दयाळाच्या पिल्लाला मात्र ऐकावं लागतं आणि घोकावंही लागतं. हा फरक पुढे गाण्याच्या प्रश्नात कामाला येईल.

पिल्लू इतक्या भराभर का वाढतं?

कारण घरटं ही धोक्याची जागा आहे. आपल्याला घरटं म्हटलं की ऊब आठवते, सापाला आणि भारद्वाजाला जेवण आठवतं. जितके दिवस आत, तितकी रोजची जोखीम.

अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा पिल्लू उघडंनागडं, डोळे मिटलेलं आणि स्वतःची ऊब स्वतः राखू न शकणारं असतं. युरोपातला ग्रेट टिट (आपल्या राखी वल्गुलीच्या भावकीतला) जन्मतो तेव्हा जेमतेम दीड ग्रॅमचा असतो आणि पंधराव्या दिवशी अठरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आईबापाइतका भरतो. बारा पट वाढ, दोन आठवड्यांत. एवढं सगळं एकदम होणं शक्य नसतं, म्हणून शरीर क्रम लावतं. आधी चोच आणि आतडी, म्हणजे खाण्याची यंत्रणा. मग पाय. पंख सगळ्यात शेवटी. ओढाताण झाली की काहीतरी मागे पडतं, आणि नेमकं काय मागे पडलं यावर पुढचं बरंच ठरतं.

वजनदार पिल्लू जास्त जगतं, हे खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे, आणि ते ठरवलं ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या जंगलाने. पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४७ साली तिथे घरट्यांसाठी लाकडी पेट्या लावून ग्रेट टिटचा अभ्यास सुरू केला. तो आजही चालू आहे, आणि पेट्यांची संख्या आता हजाराच्या घरात आहे. पंधराव्या दिवशी पिल्लाचं वजन करायचं, पायात क्रमांकाचं कडं घालायचं आणि परत ठेवायचं. पुढे कोण पुन्हा सापडतं ते बघायचं. क्रिस पेरिन्स यांनी १९६५ मध्ये या नोंदी मांडल्या तेव्हा चित्र स्पष्ट होतं. पेटीतून जड होऊन निघालेली पिल्लं काही महिन्यांनी पुन्हा सापडण्याची शक्यता हलक्या पिल्लांपेक्षा जास्त होती.

मुळात लॅक यांना वेगळाच प्रश्न पडला होता: पक्षी आणखी अंडी का घालत नाहीत? उत्तराचा एक मोठा भाग या वजनात निघाला. तोंडं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला सुरवंट कमी येतात, पिल्लं हलकी निघतात आणि हलकी पिल्लं हिवाळा काढत नाहीत. घरट्यातून किती उडाली हे मोजून भागत नाही, त्यातली किती उरली ते बघावं लागतं.

पण एक मेख आहे. ज्या वर्षी बीचच्या झाडांना भरपूर फळं धरतात त्या हिवाळ्यात पिल्लं एकूणच जास्त जगतात. म्हणजे घरट्यातली शिदोरी महत्त्वाची असली तरी बाहेर दुष्काळ आहे की सुकाळ, हा जुगार उरतोच. माझं स्वतःचं मत असं की वजन अभ्यासकांचं इतकं लाडकं झालं त्याचं एक कारण ते मोजायला सोपं आहे हेही आहे. कापडी पिशवी, छोटा तराजू, अर्धा मिनिट. पुढचे तीन-चार प्रश्न या सोप्या मापाच्या पलीकडचे आहेत.

उडायच्या आधी दोन-तीन दिवस पिल्लं बारीक दिसायला लागली. आईबाप खाऊ घालत नाहीत का?

घालतात. बऱ्याच जातींत, विशेषतः भिंगऱ्यांमध्ये, पिल्लाचं वजन एकदा शिखराला जातं आणि उडण्यापूर्वी उतरतं. रॉबर्ट रिकलेफ्स यांनी १९६८ मध्ये याचं कारण मांडलं: वाढत्या ऊतींमध्ये पाणी खूप असतं, त्या पक्व होताना ते कमी होतं. ओली वीट भट्टीतून निघाल्यावर हलकी होते, तसंच हे. उडायच्या तोंडावर हलकं होणं पिल्लाच्या फायद्याचंही आहे.

पिल्लाच्या रक्तात काय बघतात?

हा माझा आवडता भाग, कारण यात एका थेंबात किती मावतं ते दिसतं.

पंखाखालच्या शिरेला सुईचं टोक लावतात. वर आलेला थेंब केसासारख्या बारीक काचेच्या नळीत आपोआप चढतो. ही नळी फिरकीत वेगाने फिरवली की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर द्रव राहतो. तांबडा भाग एकूण लांबीच्या किती टक्के आहे, ते म्हणजे हिमॅटोक्रिट: रक्ताची प्राणवायू वाहण्याची ऐपत. पिल्लात हा आकडा मोठ्या पक्ष्यापेक्षा कमी असतो आणि वयाबरोबर चढत जातो. आता विचार करा, या जिवाला आयुष्यातलं पहिलं उड्डाण जवळपास कसल्याही सरावाशिवाय करायचं आहे. स्नायू भरले, पण त्यांना प्राणवायू पुरवणारं रक्त कच्चं राहिलं, तर तराजूवर पिल्लू उत्तम आणि हवेत मात्र दोन फडफडींत दमलेलं. वजन सारखं असलेली दोन भावंडं या बाबतीत सारखी असतीलच असं नाही.

घरट्यातले परजीवी इथेच घाव घालतात. कोर्सिका बेटावरच्या ब्लू टिटच्या (ग्रेट टिटच्याच भावकीतला) घरट्यांत एका माशीच्या अळ्या रात्री पिल्लांचं रक्त पितात आणि त्या पिल्लांचा हिमॅटोक्रिट खाली येतो.

ताणाचं संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरोन, मोजायचं असेल तर मात्र घड्याळाशी शर्यत असते. पिल्लू हातात घेतल्यापासून साधारण तीन मिनिटांत थेंब मिळाला पाहिजे. त्यानंतर रक्तात दिसतो तो आपल्या हाताळण्याचाच ताण. आणखी एक सोय: माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, पक्ष्याच्या पेशीत असतं. त्यामुळे त्याच थेंबातून डीएनएही मिळतो.

घरटं लवकर सोडलं तर काय बिघडतं?

पंख. घरटं सोडायच्या दिवशी पंख किती लांब झालेत यावर पुढचे काही दिवस तगणं अवलंबून असतं. अमेरिकेत टॉम मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये बऱ्याच जातींची तुलना करून दाखवलं की ज्या जातींच्या घरट्यांवर हल्ले जास्त होतात, त्यांची पिल्लं आखूड पंख घेऊन लवकर बाहेर पडतात, वाईट उडतात आणि बाहेर मोठ्या संख्येने मरतात. जंको नावाच्या जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याच्या पिल्लांना त्यांनी कुंपण घालून थोडे दिवस आतच राहायला लावलं, तेव्हा ती बाहेर आल्यावर जास्त जगली.

मग पिल्लं थांबत का नाहीत? कारण यात आईबापांचा हिशोब आणि पिल्लाचा हिशोब जुळत नाही. घरट्यावर साप आला तर सगळी एकदम जातात. बाहेर विखुरलेली असली तर एखादं जाईल, बाकी वाचतील. आईबापांना ते परवडतं. जाणाऱ्या पिल्लाला अर्थातच नाही.

यावरून एक तक्रार करून घेतो. घरट्याचा 'क्लीन' फोटो मिळावा म्हणून पुढची फांदी बांधून बाजूला केलेली मी पाहिली आहे. पिल्लं दुपारच्या उन्हात उघडी पडली होती, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी फार जवळ गेल्यावर ती अर्ध्या पंखांनिशी खाली उडाली. फोटो छान आला होता म्हणे.

सुरुवातीला उपाशी राहिलेलं पिल्लू नंतर भरपूर खाऊन भरपाई करतं ना?

करतं. आणि त्याचं बिल नंतर येतं.

ग्लासगो विद्यापीठाचे नील मेटकाफ आणि पॅट मोनाहन यांनी २००१ मध्ये हा मुद्दा ठासून मांडला: मागे पडलेली वाढ घाईने भरून काढणं हे उसनवारीसारखं असतं. मग झीब्रा फिंचवर प्रयोग झाले. हा ऑस्ट्रेलियातला छोटा पक्षी, आपल्या मुनियांच्या कुळातला. पिंजऱ्यात सहज वीण करतो, म्हणून प्रयोगशाळांचा लाडका. पिल्लांना सुरुवातीचे दिवस निकृष्ट खाणं द्यायचं आणि नंतर चांगलं. मोठेपणी ती इतरांच्या अंगापिंडाची दिसतात, बघून काहीच कळत नाही. पण २००३ च्या एका अभ्यासात अशा पक्ष्यांच्या रक्तात मोठेपणीही अँटिऑक्सिडंटची पातळी कमी निघाली. म्हणजे खाणं सुधारलं तरी शरीराची झीज रोखण्याची ताकद सुधारली नव्हती.

२००६ चा प्रयोग मला जास्त बोचतो. त्यात मोठ्या झालेल्या पक्ष्यांना एक सोपी गोष्ट शिकायला दिली, आणि ज्यांनी नंतर सर्वात झपाट्याने भरपाई केली होती त्यांना शिकायला जास्त वेळ लागला. पुन्हा वाचा: कोण किती उपाशी होतं याच्याशी नव्हे, तर कोण किती वेगाने सावरलं याच्याशी मंदपणाचा संबंध लागला. आपण ज्याला "बघा, कसं बाळसं धरलंय" म्हणतो, नेमकं तेच.

किंमत पुढच्या पिढीपर्यंतही जाते. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर कॉलर्ड फ्लायकॅचर या माशीमार पक्ष्याच्या काही घरट्यांत मुद्दाम जास्त पिल्लं ठेवली. त्या गर्दीत वाढलेल्या माद्यांनी मोठेपणी कमी अंडी घातली. हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं.

खाण्याचा गाण्याशी काय संबंध? गाणं तर शिकण्याची गोष्ट आहे.

शिकण्याची आहे म्हणूनच संबंध आहे. गाणं साठवणारे आणि गाऊन घेणारे मेंदूचे भाग पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावरच मुख्यतः आकार घेतात, म्हणजे बरोबर त्याच काळात जेव्हा प्रत्येक घासासाठी पंख, पाय आणि आतडी रांगेत उभी असतात. स्टीव्ह नोविकी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तर्क मांडला की म्हणूनच गाणं हे नराच्या बालपणाचं प्रगतिपुस्तक ठरतं. मादी गाणं ऐकते तेव्हा ती एक प्रकारे त्याचे घरट्यातले दिवस तपासत असते.

२००२ मध्ये नोविकींच्या गटाने हा तर्क तपासला. स्वॅम्प स्पॅरो या अमेरिकेतल्या छोट्या पक्ष्याची पिल्लं हाताने वाढवली. एका गटाला पोटभर आणि दुसऱ्याला त्याच्या सत्तर टक्के खाणं दिलं. दोघांना एकच गाणी ऐकवली. मोठेपणी कमी खाल्लेल्यांनी गाणी उचलली खरी, पण नक्कल ढोबळ होती. मींड कळली, मुरकी निसटली. झीब्रा फिंचमध्येही अन्न तोडल्यावर किंवा कॉर्टिकोस्टेरोन दिल्यावर गाणं साधं, कमी गुंतागुंतीचं झालेलं दिसलं. साळुंकीच्याच कुळातल्या युरोपियन स्टार्लिंगना लहानपणी अधूनमधून अनपेक्षितपणे उपाशी ठेवलं, तर पुढे ते गायला उशिरा लागले, कमी वेळ गायले आणि त्यांच्या ताना आखूड होत्या.

गालापागोस बेटांवर तर गोष्ट थेट नाकावर आली आहे. बाहेरून आलेल्या एका माशीच्या अळ्या तिथल्या फिंचच्या पिल्लांच्या नाकपुड्यांत शिरतात. जी पिल्लं वाचतात त्यांच्या नाकपुड्या कायमच्या मोठ्या राहतात, आणि अशा नरांचं गाणंही बदललेलं आढळतं.

पिल्लू किती वर्षं जगेल हे आधीच कळू शकतं?

एका पिल्लाबद्दल छातीठोकपणे नाही. गटाबद्दल बऱ्यापैकी. गुणसूत्रांच्या टोकाला टेलोमिअर नावाचे तुकडे असतात, चपलेच्या नाडीच्या टोकाला असलेल्या प्लॅस्टिकसारखे. ते झिजत जातात. ग्लासगोच्याच गटाने नव्व्याण्णव झीब्रा फिंचच्या टेलोमिअरची लांबी आयुष्यभर वेळोवेळी मोजली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष दिला. आयुर्मानाशी सर्वात चांगला मेळ पंचविसाव्या दिवशीच्या मापाचा बसला, नंतरच्या मापांचा नाही. नेदरलँडमधल्या जॅकडॉ या छोट्या कावळ्याच्या अभ्यासात (२०१४) लांबीपेक्षा घरट्यातली झीज जास्त बोलकी ठरली: भावंडं जास्त तितकी झीज जास्त, आणि झीज जास्त तितकं जगणं कमी.

उन्हाळ्याचा परिणाम होतो का? आमच्या घरट्यावर पत्रा आहे.

होतो. कालाहारीच्या वाळवंटी भागात कॉमन फिस्कल या खाटीक पक्ष्याच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात (२०१३) तीन उंबरठे सापडले. तेहेतीस अंशांच्या वर पिल्लाचं वजन कमी भरतं, पस्तिसाच्या वर घरटं सोडायला उशीर होतो, सदतिसाच्या वर पाय आखूड राहतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी आपला मे महिना आठवावा. अर्थात जात वेगळी, घरटं वेगळं, तेव्हा आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

पण ऑस्ट्रेलियातल्या एका शोधाने वर सांगितलेल्या वजनाच्या हिशोबाला सुरुंग लावला. झीब्रा फिंचची जोडी, हवा सव्वीस अंशांच्या वर गेली की उबवणीच्या शेवटच्या दिवसांत अंड्यांशी एक खास आवाज काढते. तो आवाज अंड्यात असताना ऐकलेली पिल्लं उष्ण घरट्यात मुद्दाम कमी वाढली. आणि मोठेपणी अशा हलक्या वाढलेल्या माद्यांनी जास्त पिल्लं वाढवली (२०१६). म्हणजे हलकं पिल्लू प्रत्येक वेळी दुबळंच असतं असं नाही. कधी ते हवामान ओळखून वाढलेलं असतं. जितका तापमानाचा बोजा, तितकं लहान अंग बरं.

पत्र्याबद्दल: घरटं हलवू नका. वर ओलं गोणपाट टाका, तेही आईबाप दूर असताना आणि झटपट.

चिमण्यांना दाणे ठेवले तर पिल्लं सुदृढ होतील का?

दाणे मोठ्यांना. चिमणीच्या पिल्लाला पहिले दिवस किडे लागतात, बाजरी नाही. लंडनमध्ये चिमण्यांच्या वसाहतींना मुद्दाम अळ्या पुरवल्या तेव्हा जास्त पिल्लं उडाली, पण वीण करणाऱ्या चिमण्यांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही. अडचण घरट्यानंतरही कुठेतरी आहे. तरी औषध न मारलेलं जास्वंदीचं झाड दाण्यांच्या ताटलीपेक्षा मला जास्त उपयोगी वाटतं.

जमिनीवर पिल्लू सापडलं. दूध-पाव देऊ का?

देऊ नका. पक्ष्याला दूध पचत नाही. अंगावर पिसं असतील आणि शेपूट आखूड असेल तर ते पडलेलं नाही, बाहेर पडलेलं आहे. मांजरापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा. अगदी उघडं असेल तर घरट्यात परत ठेवा. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जंगली पक्षी घरात पाळणं कायद्यानेही चालत नाही.

हात लावला तर आई टाकून देते?

नाही. ही आजीची भीती आहे. मुलांना घरट्यापासून दूर ठेवायला मात्र उत्तम.

हात न लावता आम्हाला घरी काही नोंदी ठेवता येतील का?

येतील, आणि तराजू लागत नाही. अंडं कधी फुटलं, डोळे कधी उघडले, पंखांवर निळसर-राखाडी नळ्या कधी दिसल्या, त्या नळ्यांच्या टोकातून पीस ब्रशसारखं कधी फुटलं, घरटं कधी सोडलं, एवढ्या पाच तारखा लिहा. सोबत दुपारचं तापमान. दिवसातून एकदा, खिडकीच्या आतून, फ्लॅश न लावता.

माझ्या खिडकीतल्या मनीप्लँटमध्ये लालबुड्या बुलबुलाची तीन पिल्लं होती. दोन बाराव्या दिवशी सकाळी गेली. तिसरं, ज्याच्याबद्दल मीच घरच्यांना "हे काही टिकत नाही" असं सांगितलं होतं, ते एक दिवस जास्त बसून राहिलं. नळ्यांची टोकं त्या दिवसात आणखी उलगडली. तेराव्या दिवशी ते उडालं ते थेट शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या कव्हरवर आदळलं, घसरलं आणि चाकामागे जाऊन बसलं. आई चोचीत टोळ घेऊन आरशावर येऊन बसली आणि ओरडत राहिली. शेजारी त्या दिवशी रिक्षाने ऑफिसला गेले. संध्याकाळी ते कुंपणाच्या मेंदीत होतं. दोन दिवसांनी तिन्ही शेवग्यावर एका ओळीत बसली होती, तेव्हा त्यातलं किरकोळ कोणतं ते मला ओळखता आलं नाही.